मागणारे हात, मोजणारे हात

धान कापून खळ्यावर आलं, दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडईचे दिवस लागतात. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. याच दिवसांत आणखी एक वस्तू घरोघरी फिरू लागते, ती म्हणजे पावतीबुक. देवळाच्या सभामंडपासाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, वाचनालयासाठी, भजनी मंडळाच्या पेटी-तबल्यासाठी... दारात कुणीतरी उभं असतं. आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. बचत गटातली, महिला मंडळातली, नाहीतर अंगणवाडीताई. कारण सोपं आहे. बाईला कुणी दारातून परतवत नाही, तिला थेट स्वयंपाकघरापर्यंत वाट असते आणि घरातला पैसा कुठल्या डब्यात आहे हे घरातल्या बाईलाच ठाऊक असतं!

पण मैत्रिणींनो, जमलेला तो पैसा पुढे कुठे जातो, हे कधी विचारलंत? पावतीबुक आपल्या हातात आणि चेकबुक मात्र भाऊंच्या हातात, हीच बहुतेक ठिकाणची रीत.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावची हकीकत सांगते. गावाचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हता. तिथल्या शाळेत मोठ्या मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नव्हतं. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच राहायच्या. महिला मंडळाच्या बायकांनी मनावर घेतलं, भर थंडीत पंधरा दिवस दारोदार फिरल्या, बऱ्यापैकी रक्कम जमवली आणि रीतसर गावातल्या समितीकडे सोपवली. समितीत सगळी पुरुष मंडळी. त्यांनी विचार केला, स्वच्छतागृहाला सरकारकडून पैसा येईलच कधीतरी, तूर्त शाळेचं प्रवेशद्वार करून घेऊ. दार छान झालं. वर कमान, कमानीवर नावं. एक पैसाही कुणी खाल्ला नाही, सगळा हिशेब चोख. पण मुली चार दिवस घरीच राहिल्या.

पुढच्या वर्षी त्याच बायका पुन्हा निघाल्या तेव्हा पहिल्याच आळीत एका म्हाताऱ्या काकाजींनी विचारलं, "मागच्या साली देल्ले होते ना बाई, त्याचं का झालं?" उत्तर काय देणार? त्या वर्षी निम्म्या घरांनी नंतर या म्हणून सांगितलं. पैसा कमानीत गेला तो गेलाच, पण त्याहून मोठं नुकसान या दुसऱ्या वर्षी झालं. लोक संस्थेकडे बघून देत नाहीत, मागणारीच्या तोंडाकडे बघून देतात. म्हणून माझं म्हणणं आहे की, जी मागते तिची सही खर्चावर हवीच. हा मानापमानाचा प्रश्न नाही. पुढच्या वर्षी वर्गणी जमेल की नाही, याचा आहे.

बाईनं पैसा मागायला बाहेर पडणं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. पार्वतीबाई आठवले हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या या मेहुणी. ऐन विशीत वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्या वर्षानुवर्षं गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. १९१८ मध्ये तर त्या थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, हातात पैसा नाही, तेव्हा परक्या देशात लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि तिथंही आश्रमासाठी निधी गोळा केला. आज आपल्याला शेजारच्या गल्लीत पावतीबुक घेऊन जायला संकोच वाटतो!

आणि लक्ष्मीबाई पाटील? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या मुखी अन्न पडावं म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आपण भाषणांत डोळे पुसत सांगतो. मला मात्र त्याच संस्थेचा मुष्टिफंड जास्त महत्त्वाचा वाटतो. घरच्या बाईनं दळण-कांडणातून मूठभर धान्य बाजूला टाकायचं आणि ते वसतिगृहासाठी गोळा व्हायचं. एका बाईला मंगळसूत्र विकावं लागणं हे कौतुकाचं खरं, पण ती काही संस्था चालवायची रीत नव्हे. शंभर घरांची शंभर मुठी, ही रीत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेका पैशातून कारखाना!

आपल्याकडे मूठ तर धानाचीच. आणि इथे वेळेला फार महत्त्व आहे, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? आषाढात रोवणीच्या दिवसांत वर्गणी मागायला गेलात तर मिळेल ती फक्त चहाची वाटी. घरात तेव्हा खताचं देणं असतं, मजुरीचं देणं असतं, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो. धान घरात आलं की मात्र हात सैल होतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागात तेंदूपत्त्याची मजुरी हातात पडते तो उन्हाळ्याचा काळ. गावातल्या पैशाचा असा मोसम ओळखूनच बाहेर पडा.

आणि नगद नसेल तर धानच घ्या. समजा तीनशे घरांचं गाव आहे. घरटी दोन किलो धान मागितलं तर सहा क्विंटल होतं. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे झाले चौदा हजारांवर. आता खरेदी केंद्रावर सातबारा लागतो, तो मंडळाकडे कुठला? व्यापाऱ्यालाच विकावं लागेल आणि तो कमी देणार, म्हणून बारा हजारच धरा. दोन किलो धान कुणाच्या जिवावर येत नाही, पण तेवढ्याच किमतीची, म्हणजे चाळीस-पन्नास रुपयांची नोट काढताना तीच बाई दोनदा विचार करते. पोती, काटा आणि ठेवायला कोरडी जागा, ही तयारी मात्र आधी करा. ओलं धान कुणी घेत नाही.

मागताना काय मागायचं, हेही ठरलेलं हवं. "शाळेला मदत करा" म्हटलं की समोरचा अकरा रुपये काढतो. तेच "दुसरीच्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत, बसायला पट्ट्या नाहीत, एका पट्टीला इतके लागतात, बारा पट्ट्यांचे जमलेत, दोन राहिल्यात" असं सांगून बघा. माणूस मनातल्या मनात हिशेब करतो आणि म्हणतो, जा, एक माझ्याकडून. आणि हो, पहिल्या पावत्या मंडळातल्या बायकांच्याच नावानं फाडा. पुस्तकातलं पहिलं पान कोरं असलं की लोक आधी तेच बघतात.

आता मंडईच्या नाटकाविषयी थोडं बोलू, कारण निधी उभा करण्याची आपल्या झाडीपट्टीची स्वतःची अशी एक पद्धत आहे आणि बाहेरच्यांनी ती शिकावी इतकी ती चांगली आहे. गावचं मंडळ वडशाला जातं, नाटक कंपनी ठरवतं, इसार देतं, गावात मंडप घालतं, तिकिटं विकतं. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. कंपनीचे पैसे आणि खर्च वजा जाऊन जे उरतं ते गावचं. त्यातून कितीतरी गावांत देवळं झाली, समाजमंदिरं झाली, शाळांना मदत झाली. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा राज्यातल्या अनेकांना झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा कळलं असेल. आपल्याला मात्र लहानपणापासून ठाऊक आहे की, थंडीत चादर लपेटून नाटक बघायचं आणि गावच्या कामाला पैसाही द्यायचा, दोन्ही एकाच तिकिटात होतं. कुणी कुणापुढे हात पसरत नाही, कुणावर उपकार होत नाहीत.

पण या नाटकाच्या मंडळात बाई किती? ती त्या दिवशी चुलीपुढे असते. घरी पंधरा पाहुणे, वर कलावंतांचं जेवण. नाटकाला बायकांची गर्दी पुरुषांच्या बरोबरीनं, पण उरलेल्या पैशाचं काय करायचं, त्या बैठकीला एकही नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. मोजायला बसलं तर जवळपास समसमान. बैठकीत बसलं तर नाही!

म्हणून महिला मंडळांनी लगेच नाटकाचा करार करावा, असं मी सांगणार नाही. त्यात जोखीम मोठी. अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री नावाजलेलं नाटक लागलं की मंडळ कर्जात जातं आणि कंपनीचे ठरलेले पैसे तर द्यावेच लागतात. आपण त्या गर्दीच्या कडेला बसावं. रात्रभर चहा, आलूबोंडे, तर्री-पोहे. भांडवल थोडं, माल संपेल तेवढाच करायचा, नुकसान झालंच तर दोन पातेल्यांचं. मंडळाशी आधीच बोलून जागा मागून घ्या आणि दुकानावर ठळक अक्षरांत लिहा की ही कमाई कशासाठी आहे. आणि त्याच बोलण्यात एक गोष्ट हळूच सुचवा, की नाटकाच्या हिशेबाला महिला मंडळाच्या दोघी बसतील. पहिल्या वर्षी हसतील. हसू द्या.

"आम्हाला हिशेबातलं काय कळतं?" असं कृपा करून म्हणू नका. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून राज्यात आहे, 'उमेद' अभियान २०११ पासून. बचत गट आता आपल्या गावोगाव आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पूर्ण लिहिलेली दप्तरं, ही पंचसूत्री आपल्या बायकांना तोंडपाठ आहे. दर आठवड्याला दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या नोंदी करणाऱ्या, कुणाचं व्याज किती थकलं हे वही न उघडता सांगणाऱ्या बाईला वर्गणीचा हिशेब जमणार नाही? गावातल्या कितीतरी प्रतिष्ठित समित्यांची दप्तरं या बचत गटांच्या दप्तरांपुढे लाजतील. फक्त एक पथ्य पाळा. वर्गणीचा पैसा गटाच्या खात्यात मिसळू नका. गटाची बचत वेगळी, गावचं काम वेगळं.

शाळेच्या बाबतीत तर कायदाच आपल्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. कागदावर त्या असतातही. सभेच्या रजिस्टरवर सही करायला वही घरी येते आणि चुलीपुढे बसूनच सही होते. ती वही घरी आली तर परत पाठवा आणि सभेला जा. लोकवर्गणीतून शाळेत काय व्हावं, हे तिथे ठरतं.

आता हिशेबाचं. पाच रुपये दिले तरी पावती द्यायचीच, खालची प्रत पुस्तकात राहिलीच पाहिजे. संस्थेचं खातं संस्थेच्याच नावानं हवं. हल्ली दारात उभ्या उभ्या मोबाइलवर पैसे घेतात, तर तो क्यूआर कोडही संस्थेच्या खात्याचा हवा, कुणा ताईंच्या किंवा दादांच्या नंबरचा नको. माणूस कितीही चांगला असो, पैसा एकदा घरखर्चाच्या खात्यात गेला की दोन्ही वेगळे काढताना नाकी नऊ येतात. आणि काम झालं की महिन्याच्या आत मोठ्या कागदावर जमाखर्च लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. सुतळी, चुना, मजुरी, सगळं. बारीक नोंदी वाचायला लोकांना फार आवडतं, आणि वाचून खात्री पटते.

यादी लावताना मात्र एक विचार करा. जास्त देणाऱ्याचं नाव वर आणि दहा रुपये देणारीचं शेवटी, अशी यादी आपण सर्रास लावतो. दहा रुपये देणारी ती बाई दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर राबून आलेली असते. तिचं नाव तळाशी वाचून तिला काय वाटत असेल? घरांच्या क्रमानं लिहा, आळीप्रमाणे लिहा. जिनं पैसे दिले नाहीत पण दोन दिवस विटा वाहिल्या, तिचे दोन दिवस त्या दिवसांच्या मजुरीच्या दरानं जमेच्या बाजूला धरा. एका टोलीवर असं केलं तेव्हा पुढच्या कामाला न बोलावता माणसं आली.

मोठ्या देणगीदाराचं काय, असं हमखास विचारलं जातं. मोठी देणगी वाईट नसते. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली, तिच्या शाळा-कॉलेजांतून आपल्यापैकी किती जणी शिकल्या! १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव लागलं. अटीही होत्या. पण त्या अटींवर बोलायला बसले तेव्हा कर्व्यांच्या पाठीशी चार-चार आणे देणारी हजारो माणसं आणि वीसेक वर्षांचं काम होतं. आपलं मंडळ कालचं, हाती काही नाही आणि एकच मोठा दाता, असं असेल तर काम त्याच्या मर्जीनं होणार. पाटी त्याची, उद्घाटनाची तारीख त्याची, आणि पुढच्या वर्षी तो आला नाही की मंडळ बंद. निवडणुका जवळ आल्या की खुर्च्या आणि भांडी वाटणारे येतात, त्यांच्याविषयी तर न लिहिलेलंच बरं. त्या खुर्च्या घेऊ नका, एवढंच सांगते.

कंपन्यांच्या पैशाचीही चौकशी असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं आहे आणि आपला प्रकल्प जिथे असेल त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही म्हटलं आहे. तिरोड्याला वीज प्रकल्प आहे, तेव्हा त्या भागातल्या संस्थांनी अर्ज जरूर करावा. पण त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, लेखापरीक्षण झालेलं हवं, आणि २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे वेगळी नोंदणीही लागते. नव्या मंडळानं यामागे वर्ष घालवू नये.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण इथेच बायकांना घाबरवलं जातं. नोंदणी नसलेल्या मंडळाला एखाद्या कामापुरती वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. कायमचं काम करायचं असेल तर सात जणी मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. देणगीवर आयकरात सवलत, जिला सगळे 'ऐंशी-जी' म्हणून ओळखतात, ती संस्थेला वेगळी मंजूर करून घ्यावी लागते. दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही आणि नव्या कर पद्धतीत गेलेल्या दात्याला ती मिळतच नाही. तेव्हा खोटं आश्वासन देऊ नका. लॉटरीची कुपनं मात्र परवानगीशिवाय कधीच विकू नका, तो गुन्हा आहे. परदेशात कुणाचा मुलगा असेल आणि पासपोर्ट भारताचाच असेल तर तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर विदेशी देणगीचा कायदा लागतो आणि त्याची नोंदणी नसताना तो पैसा घेता येत नाही.

तर मंडईच्या आधी एक सभा घ्या. अजेंड्यावर एकच विषय ठेवा आणि कार्यवृत्ताच्या वहीत लिहून काढा: मंडळाच्या नावे बँकेत खाते उघडावे, ते अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या संयुक्त सहीने चालावे, ज्या कामासाठी वर्गणी घेतली त्याव्यतिरिक्त खर्च सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय करू नये, आणि काम संपल्यावर एक महिन्याच्या आत जमाखर्च गावात जाहीर लावावा. खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. वही परत ठेवण्याआधी हजर असलेल्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या, आणि जिला सही येत नसेल तिला त्याच बैठकीत शिकवा, अंगठा घेऊ नका.